चौथ्याची जागा सोडून

चष्म्याच्या दुकानातल्या काकूंना सवती होत्या, आणि एक नाही, तीन. तिघीही दुकानामागच्या खोलीत एका चौकोनी खोक्यात राहायच्या आणि काकांचं जेवण उरकलं की बाहेर यायच्या.

त्या दिसायच्या नाहीत, हीच तर पंचाईत होती. लोकांच्या नाकाकानांवर फ्रेमा बसवण्यात काकूंचा जन्म गेला होता. कुणाचं नाक बसकं, कुणाचा एक कान वर, हे त्यांना माणूस उंबऱ्यात असतानाच कळायचं. सवती डोळ्यांपुढे आल्या असत्या तर काहीतरी खोट काढून काकूंनी मनाची समजूत घातली असती. नुसत्या आवाजाच्या नाकाला कुठून चिमटा घेणार?

गोष्ट अशी, की काका लहानपणी आपल्या मामांकडे व्हायोलिन शिकले होते. पुढे काचा घासणं आणि नंबर काढणं यात ते मागे पडलं. एकदा ते रेकॉर्डच्या दुकानातून एक खोकं घेऊन आले. आत जुन्या काळच्या चौकड्या होत्या, म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो अशा चौघांनी मिळून वाजवायचं संगीत. पण या रेकॉर्डवर वाजवणारे तिघेच. दुसऱ्या व्हायोलिनची जागा मुद्दाम रिकामी ठेवलेली, आणि त्या जागी काय वाजवायचं ते सोबतच्या कागदांवर छापलेलं. ज्याला घरी वाजवायला सोबत नाही अशा एकांड्या माणसासाठी केलेली ही सोय. तबकडी लावली की आधी एक लांब स्वर यायचा. त्याला आपल्या तारा जुळवायच्या. मग टक, टक, टक, टक, अशा चार टिचक्या, आणि तिघं सुरू. चौथ्यानं घरबसल्या त्यांच्यात सामील व्हायचं.

काकूंना पहिल्यांदा गंमतच वाटली. म्हणाल्या, "म्हणजे ते तिघं वाजवून आपापल्या घरी गेले, आणि आता तुम्ही मध्ये घुसणार."

"घुसणार कशाला? माझी जागा ठेवलीय त्यांनी," काका म्हणाले.

हे वाक्य काकूंच्या मनात माशाच्या काट्यासारखं अडकून बसलं. माझी जागा ठेवलीय. एवढा संसार झाला, दुकान झालं, मुलगा नोकरीसाठी लांब गेला, आणि या माणसाला आपली जागा सापडली ती तीन परक्यांच्या मधल्या फटीत.

काका दिवसभर फार बोलायचे नाहीत. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत "हे बरं की ते बरं?" एवढंच विचारायचे. काकूंना तेही विचारत नसत. पण मागच्या खोलीत त्यांना वाचा फुटायची. "वा," असं ते कौतुकानं म्हणायचे. "थांबा हो, आलोच," असं लगबगीनं म्हणायचे. आणि कुठे चुकले की चक्क "सॉरी" म्हणायचे. शेजारच्या स्वयंपाकघरात काकू वाटाणे सोलत किंवा बटणं शिवत बसलेल्या असायच्या. तो "सॉरी" ऐकला की सुई बोटात जायची. आपल्या वाट्याला हा शब्द शेवटचा कधी आला ते त्यांना आठवतही नव्हतं.

हळूहळू काकूंनी त्या तिघांना बायकांची रूपं दिली. तसं का, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. कदाचित पुरुषांवर जळणं जमत नव्हतं म्हणून. पहिली, म्हणजे पहिलं व्हायोलिन, ठेंगणी आणि नाक उडवणारी. प्रत्येक वाक्य आपलंच असल्यासारखी मिरवणारी. मधली, व्हायोलावाली, कुढी. कायम कुणाच्या तरी मागे उभी राहून हळूच टोमणा मारणारी. आणि तिसरी, चेलोवाली, भरल्या अंगाची, जड आवाजाची, खुर्चीत ऐसपैस बसलेली. काकूंचा खरा राग तिच्यावर. कारण ती बोलायला लागली की काका खालच्या स्वरात तिच्याबरोबर चालायचे आणि त्या वेळी त्यांचा चेहरा, दाराच्या फटीतून बघितला तर, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात असायचा तसा दिसायचा.

धाकटी बहीण आली की काकू मन मोकळं करायच्या. ती हसून हसून लोळायची. म्हणायची, "ताई, लोकांचे नवरे पितात, पत्ते कुटतात, नको तिथे जातात. तुझा नवरा घरात बसून प्लास्टिकच्या ताटलीबरोबर व्हायोलिन वाजवतो, आणि तू कढतेस. तुझ्यासारखी नशीबवान जळकुटी मी बघितली नाही."

तिला काय कळणार? पिणारा नवरा निदान उशिरा तरी येतो. काकांना तिघींसाठी कधी उशीर होत नव्हता. चार टिचक्यांच्या आत खुर्चीत. रेकॉर्ड कुणासाठी थांबत नाही, असं ते अभिमानानं सांगायचे. काकू मात्र आयुष्यभर थांबत आल्या होत्या, म्हणून त्यांच्यासाठी कुणी वेळ पाळली नाही.

एक दिवस मागची खोली झाडताना काकूंचं लक्ष रेकॉर्ड प्लेअरच्या कडेच्या बटणाकडे गेलं. वेग किंचित कमीजास्त करायचं ते बटण. काकूंनी ते नखभर मागे फिरवलं. त्यांची अटकळ सरळ होती. तिघी जरा रेंगाळतील, आवाज बिघडेल, काका चिडतील, म्हणतील, काय कटकट आहे, आणि बाहेर येऊन बसतील.

जेवण झालं. आतून तो लांब स्वर आला, रोजच्यापेक्षा जरासा खालून.  मग खुंट्यांची करकर ऐकू आली. "आज हवाच दमट दिसते," ते स्वतःशी म्हणाले, आणि त्यांनी चारही तारा तिघींच्या स्वराला खाली उतरवल्या. चार टिचक्या, आणि सगळं मजेत सुरू.

काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. हा माणूस घरात कुठल्या गोष्टीवर तसूभर सरकत नाही. जेवणाची वेळ बदलायची नाही, भिंतीचा रंग बदलायचा नाही. आणि त्या तिघी जरा खाली घसरल्या तर हा न कुरकुरता त्यांच्यापाठोपाठ खाली उतरला. बिघाड त्यांच्यात असेल, अशी शंकासुद्धा नाही.

मग काकूंना खोडच लागली. आठ-पंधरा दिवसांनी झाडता झाडता बोट लावायच्या. बघू तरी किती खाली जातात. पहिलीचा तोरा उतरला, मधली पेंगायला लागली, चेलोवाली सर्दी झालेल्या हत्तिणीसारखी घोगरी झाली. पण होता होता सगळं इतकं सावकाश झालं, की काकांना तोच त्यांचा आवाज वाटायला लागला. आणि करायला गेलं एक, झालं भलतंच. शेवटच्या भागातली एक धावरी, भराभर पळणारी ओळ काकांना कधीच जमत नसे. दर वेळी मध्येच पाय घसरून ते सॉरी म्हणायचे. ती ओळ एका संध्याकाळी अडखळल्याशिवाय पार पडली. व्हायोलिन हातात घेऊनच ते स्वयंपाकघरात आले. असं आजवर कधी झालं नव्हतं.

"हल्ली हात सुटलाय माझा. त्यांच्या सोबतीनं सुधारलोय मी," ते म्हणाले.

काकू वाटाणे सोलत राहिल्या. सगळी करामत त्यांच्या नखाची, आणि श्रेय गेलं सवतींना. सांगायची सोय नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

अशात दुकानात भूगोलाच्या बाई आल्या. शाळेतून निवृत्त झाल्या तरी सगळे त्यांना याच नावानं ओळखायचे. त्यांची तक्रार विचित्र होती. वाचायच्या चष्म्यातून पुस्तक दिसतं, लांबच्या चष्म्यातून रस्ता दिसतो, पण मधलं काही दिसत नाही. काकांनी विचारलं, मधलं म्हणजे काय? बाई म्हणाल्या, समोर स्टँडवर ठेवलेला स्वरांचा कागद. त्या व्हायोला वाजवायच्या.

काकूंनी हातातली फ्रेम खाली ठेवली. मधली सवत अंगात रक्तमांस भरून दुकानात उभी होती, आणि ती कुढी तर नव्हतीच. चांगली हसरी होती आणि नाकही बेतशीर होतं.

काका त्या दिवशी जेवढं बोलले तेवढं घरी महिन्यात बोलत नसत. स्टँड किती अंतरावर ठेवता, मान कुठल्या बाजूला कलते, उजेड कुठून येतो. नंबर काढून झाला तरी बोलणं चालूच. त्यातून निघालं ते असं, की बाई, एक बेकरीवाले आणि बँकेतला एक उंच माणूस अशी त्यांची चौकडी होती, रविवारी दुपारी बेकरीच्या वरच्या खोलीत वाजवायची. दुसरं व्हायोलिन वाजवणारे गृहस्थ मुलीकडे राहायला गेले, आणि आता जागा रिकामी होती.

एरवी काका म्हणाले असते, छे हो, आपलं काय, घरगुती. पण हल्ली हात सुटला होता. ते म्हणाले, "येऊन बघतो एकदा."

रविवारी काकूही निघाल्या. काका म्हणाले, तू काय करणार तिथे? काकू म्हणाल्या, पाव घेणार.

बेकरीच्या वर मोठी खोली होती, खालून भाजक्या पिठाचा वास येणारी. भिंतीशी पिठाची रिकामी पिंपं, मध्ये चार खुर्च्या. काकू कोपऱ्यात बसल्या. तारा जुळवायला बाईंनी स्वर दिला तेव्हा काकांना खुंट्या बऱ्याच वर पिळाव्या लागल्या. "हवेनं उतरलंय," ते म्हणाले. काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

मग सगळ्यांनी गज उचलले. काका वाट बघत राहिले. बेकरीवाल्यांनी नाकातून एक श्वास घेतला, मान हलवली, आणि तिघं सुरू झाले. काका तसेच.

"काय झालं?" बेकरीवाल्यांनी थांबून विचारलं.

"टिचक्या," काका म्हणाले, आणि जीभ चावली.

बँकेतला उंच माणूस खोखो हसला. वाईट मनानं नव्हे, पण हसला. पुन्हा सुरू झालं. थोडा वेळ बरं चाललं, आणि मग मध्येच काकांनी गज खाली ठेवला आणि ते उठून उभे राहिले. घरी त्या जागी तबकडीची बाजू संपायची. ती उलटायला उठायची सवय अंगात मुरलेली. ते पुन्हा खाली बसले, कानापर्यंत लाल होऊन. शेवटच्या भागात तर दैनाच झाली. तीच ती धावरी ओळ. इथले तिघं तिच्यावरून वाऱ्यासारखे गेले आणि काका मागे राहिले. बाईंनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं, पण थांबणारी माणसं काकांना ठाऊक नव्हती. ते खाली मान घालून एकटेच वाजवत राहिले, सगळी खोली गप्प असताना, ओळ संपेपर्यंत.

काकूंना वाटलं होतं, आपल्याला बरं वाटेल. क्षणभर वाटलंही. घ्या, जा अजून परक्या खोल्यांत. पण तेवढ्यात बाई काकांकडे वळून म्हणाल्या, "आम्ही हळू वाजवू ना. त्यात काय?" आणि बाकीच्या दोघांनी माना डोलावल्या.

काकूंना हे फार लागलं. त्यांनी तिघींना हळू केलं ते चोरून, नखानं, रागापोटी. आणि ही तीन माणसं उघड, हसून, नवऱ्याच्या भल्यासाठी हळू व्हायला तयार. असल्या सवतीशी भांडायचं कसं?

काका नको म्हणाले. बेकरीवाल्यांनी सांगितलं, घाई नाही. औषधाच्या दुकानातले एक जण आहेत, त्यांचंही वाजवणं ऐकायचंय. महिन्यानं दोघंही या, मग ठरवू.

घरी येऊन काकांनी तीच रेकॉर्ड लावली, तारा पुन्हा खाली उतरवल्या, आणि ती ओळ लख्ख वाजवली. मग व्हायोलिन पेटीत ठेवून दिलं. "यांच्याबरोबर जमतं," ते दारातून म्हणाले, "माणसांबरोबर जमत नाही. मी खोक्यातलाच दिसतो."

दुसऱ्या दिवसापासून खोकं बंद. काका जेवण झाल्यावर स्वयंपाकघरात काकूंच्या समोर बसायला लागले. वाटाणे सोलायला मदत करायचे. काही विचारलं तर उत्तर द्यायचे. स्वतःचा चष्मा काढून पुसायचे, लावायचे, परत काढायचे. काकूंनी मागितलं होतं ते सगळं मिळालं होतं. नवरा घरात, समोर, हाताच्या अंतरावर. आणि त्या माणसात कुणी नव्हतं. दुकान उघडं आणि आत मालक नाही, तसं.

भूगोलाच्या बाई चष्मा न्यायला आल्या, तेव्हा काका म्हणाले, औषधवाल्यांनाच घ्या. बाईंनी काकूंकडे बघितलं. काकू त्यांच्या कानामागची काडी वाकवत होत्या. एक शब्द बोलल्या नसत्या तर सगळं तिथेच मिटलं असतं, रविवार मोकळे झाले असते, आणि तिन्ही सवती, खोक्यातल्या आणि खोक्याबाहेरच्या, आयुष्यातून गेल्या असत्या. काकू एक शब्द बोलल्या नाहीत. बाई गेल्या.

पण संध्याकाळी काका वाटाण्याचं एकेक टरफल नीट एकावर एक रचून ठेवत बसले, आणि ते काकूंना बघवेना.

"बटण मी फिरवलं होतं," त्या म्हणाल्या.

"कसलं बटण?"

"रेकॉर्डच्या वेगाचं. केव्हापासून फिरवतेय. तुम्ही सुधारला नव्हतात. त्या हळू झाल्या होत्या."

काकांनी चष्मा काढला. रागावतील, ताट सरकवतील, असं काकूंना वाटलं. काकांनी विचारलं, "किती फिरवलंस?"

काकूंनी नखावर दाखवलं. मग दुसऱ्या नखावर. मग बोटाच्या पेरावर.

"एवढं? आणि मला कळलं नाही?" आता कुठे त्यांचा आवाज चढला. "दुकानात मला पाव नंबरचा फरक कळतो. का केलंस हे?"

काकूंनी पुष्कळ कारणं मनात जमवली होती. पण तोंडून आलं ते भलतंच. "तुम्ही त्यांना सॉरी म्हणता."

काका उठून मागच्या खोलीत गेले. कपाटातून मामांचा जुना नादकाटा, एकच ठराविक स्वर देणारा लोखंडी चिमटा, काढला. रेकॉर्डवरच स्वर मिळायला लागल्यापासून तो तसाच पडून होता. तो टेबलावर आपटून कानाशी धरला आणि तबकडीचा स्वर त्याला मिळेपर्यंत बटण पुढे फिरवत राहिले. तिघी भराभर तरुण झाल्या. पहिलीचा तोरा परत आला. काकूंनी ते ऐकलं आणि त्यांचं जळणंही परत आलं, अगदी पहिल्या दिवसासारखं. पण दार त्यांनी लावून घेतलं नाही.

दोन दिवस काका त्यांच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आत येऊन बस. मी उठायला लागलो की मला खाली बसव." काकू बाजू संपायच्या जागी त्यांचा खांदा दाबायला आणि तबकडी स्वतः उलटायला शिकल्या. धावरी ओळ पळायची, काका मागे धावायचे, पडायचे, उठायचे. महिना संपेपर्यंत ते तिला जेमतेम पकडायला लागले. जेमतेमच.

काकूंनी स्वतः जाऊन बाईंना सांगितलं, की हे येणार आहेत. कसंबसं सांगितलं, कारण बाईंना चष्मा फार शोभत होता.

ठरलेल्या रविवारी औषधवाले आधी वाजवायला बसले. त्यांचा हात स्वच्छ होता, ओळ त्यांना पाठ होती. पण खाली संध्याकाळच्या पावासाठी भट्टी पेटवली होती, खोली तापत चालली होती, आणि गरमीनं सगळ्यांच्या तारा हळूहळू उतरत होत्या. औषधवाले दर थोड्या वेळानं थांबायचे, खिशातलं स्वर दाखवणारं यंत्र बघायचे आणि सांगायचे, आपण खाली आलोय. खरंच होतं ते. सगळे पुन्हा खुंट्या पिळायचे.

मग काका बसले. बेकरीवाल्यांनी श्वास घेतला, काकांनीही घेतला. खोली आणखी तापली. पहिलं व्हायोलिन घसरलं, व्हायोला घसरला, चेलोही. आणि काका त्यांच्याबरोबर घसरत गेले, बोटं किंचित सरकवत, कुणाला न थांबवता, जसं काही स्वर तिथेच असायला हवा होता. धावरी ओळीत दोन ठिकाणी सुटले, पण पुढच्या वळणावर हजर झाले.

औषधवाले निघून गेल्यावर बाई म्हणाल्या, "ते चुकत नाहीत हो. पण त्यांच्याबरोबर वाजवताना आपणच चुकतोय असं सारखं वाटतं." बेकरीवाले म्हणाले, "मग ठरलं." आणि त्यांनी काकांच्या हातात गरम पावाची पिशवी ठेवली.

घरी जाताना काका भरभरून बोलत होते. त्यांना कळलंच नव्हतं म्हणे स्वर उतरल्याचं. ते तिघं जिकडे गेले, तिकडे ते गेले. काकू पावाची पिशवी छातीशी धरून चालत होत्या. ही सवय कुणी लावली, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. नखानखानं त्यांनी या माणसाला दुसऱ्याच्या स्वरात उतरायला शिकवलं होतं, आणि पिकलं तेव्हा तोडून नेलं तिघांनी. आणि मग चालता चालता एक चमत्कारिक विचार त्यांच्या मनात आला. घरातही हा माणूस इतकी वर्षं असाच, न बोलता, आपल्या स्वराला उतरत आला असेल तर? आपल्याला कुठे ऐकू येणार होतं? विचार बरा होता, पण त्यानं जळणं काही कमी होईना.

"तू खूश दिसत नाहीस," काका म्हणाले.

"नाहीच आहे," काकू म्हणाल्या. "आणि पुढच्या रविवारी हा पांढरा शर्ट घालू नका. त्यात तुम्ही फार बरे दिसता."